कायद्याचा सल्ला स्वयंपाकघरात मिळेल

पिकेट्स कॉर्नर
४ सप्टेंबर

प्रिय हॉरेसकाका,

घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलंच असणार असं तुम्हाला वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते. मी, तुमच्या धाकट्या भावाची मुलगी, वय एक्कावन्न, दक्षिण कॅरोलिनाच्या सनदेवर सव्वीस वर्षं वकिली केलेली, अगदी ठणठणीत आहे. फक्त गेल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून मी वेगळ्या राज्यात राहते. आणि त्यासाठी मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही!

तुमचं आणि बाबांचं वाजलं ते भाजलेल्या डुकराच्या मटणावर मोहरीची चटणी घालायची की व्हिनेगर, यावरून. बाबा जाऊन सहा वर्षं झाली आणि भांडण वारशाने माझ्याकडे आलं. त्या वारशावर मी आज पाणी सोडते. व्हिनेगर तर व्हिनेगर. आता तरी पुढचं वाचाल ना?

झालं असं. दोन्ही कॅरोलिनांमधली हद्द अडीचशे वर्षांपूर्वी झाडांवर खुणा करून आखली होती. झाडं मेली, खुणा गेल्या, आणि आपण सगळे अंदाजाने जगत राहिलो. आता मोजणीदार यंत्रं घेऊन आले आणि त्यांनी हद्द हुडकून काढली. ती माझ्या घरातून जाते. पुढची खोली, म्हणजे माझं ऑफिस, आणि तिच्यावरची झोपायची खोली उत्तर कॅरोलिनात. मागचं स्वयंपाकघर दक्षिणेत. मोजणीदार मोठ्या अदबीने म्हणाले, "बाई, हद्द हलली नाही हं. ती कायम इथेच होती. आम्हाला सापडली आत्ता." मी त्यांना थंड गोड चहा दिला, आणि ते गेल्यावर मला दरदरून घाम फुटला. म्हणजे सव्वीस वर्षं मी उत्तरेत विनासनद वकिली करत होते? रोज नऊ ते पाच, दारावर पाटी लावून?

माझं मरू दे. रस्त्यापलीकडच्या मिस ऑटी मॅब्रींचं फटाक्यांचं दुकान अख्खंच्या अख्खं उत्तरेत गेलंय. आमच्याकडे फटाके खुशाल विका, तुमच्याकडे बंदी. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दुकान एक्केचाळीस वर्षांचं. नवरा गेल्यापासून त्या (लग्न झालेल्या असल्या तरी गावाला 'मिस'च) दिवसभर तिथेच असतात, उकडलेल्या शेंगा खात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारत. तुमच्या हॉलब्रुक काउंटीने तिसऱ्याच दिवशी दारावर नोटीस चिकटवली: दुकानाला कुलूप का लावू नये, ते १४ नोव्हेंबरला येऊन सांगा.

खटला तुमच्याकडच्या कोर्टात. मला एका खटल्यापुरतं पाहुणी वकील म्हणून उभं राहता येईल, पण तिथल्या सनदवाल्या वकिलाने अर्जावर सही करून माझ्या शेजारी बसलं पाहिजे. हॉलब्रुकमध्ये वकील चार. एक खुद्द काउंटीचा वकील वेड क्रचफील्ड. दुसरी त्याची बायको. तिसरा त्याचा मेहुणा. चौथे तुम्ही.

हो म्हणा ना काका. ते दुकान गेलं तर बाईंना धक्का सोसणार नाही, आणि मलाही.

तुमची,
नेल्डा

(फोन केला असता, पण फोनवर तुम्ही फक्त "कोण? कोण?" करता आणि ठेवून देता.)


एल्डन
९ सप्टेंबर

प्रिय नेल्डा,

पत्र पोचलं. पहिला परिच्छेद वाचताना मी काळा सूट शोधायला उठलो होतो, तो तसाच लटकवून ठेवला.

व्हिनेगरबद्दलची तुझी कबुली मी फ्रेम करून लावणार आहे. तुझा बाप हुशार होता, मनाने चांगला होता, पण मटणावर पिवळं काही ओतणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय? असो. त्याच्या अंत्यविधीला मी आलो होतो. मागे झाडाखाली उभा होतो. तुला दिसलो नसेन. पुढे यायला हवं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

सही करीन. शेजारी हाताची घडी तोंडावर बोट ठेवून बसेन. सत्त्याहत्तराव्या वर्षी बसणं मला छान जमतं.

पण बाईसाहेब, तुम्ही नियम शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. पाहुणा वकील दुसऱ्या राज्यात राहणारा लागतो. जो इथेच राहतो तो पाहुणा कसला? तो घरचा. घरच्याने मुकाट्याने परीक्षा देऊन इथली सनद घ्यायची. आणि तू झोपतेस वरच्या खोलीत, म्हणजे उत्तरेत. क्रचफील्डला हे कळायला दोन दिवस पुरतील.

तेव्हा ऐक. घर हद्दीवर आलं तर जुने न्यायाधीश एकच विचारत: माणूस झोपतो कुठे? जिथे पलंग तिथे त्याचं राज्य. पुढचं तुझं तू समजून घे.

तुझा काका,
हॉरेस


पिकेट्स कॉर्नर
१५ सप्टेंबर

काका!

पलंग स्वयंपाकघरात आणला!! अक्रोडाच्या लाकडाचा, आईच्या लग्नातला, चौघांनी मिळून जिन्यावरून उतरवला आणि पाचव्याने फक्त सूचना दिल्या. आता माझं डोकं फ्रीजला आणि पाय चुलीला. पहाटे पाय गरम करायचे असतील तर नुसतं बटण फिरवायचं.

क्रचफील्डला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. शनिवारी मापाची टेप घेऊन स्वतः हजर! जमिनीवर मोजणीदारांची पिवळी पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यापासून पलंग किती लांब ते त्याने गुडघ्यावर बसून मोजलं. चौदा इंच. दक्षिणेत. चेहरा असा झाला होता त्याचा! मी म्हटलं, "आलाच आहेस तर अंडी टाकते." त्याने दोन खाल्ली आणि तिसरं नको नको म्हणत खाल्लं.

खरी गंमत पुढे आहे. ऑफिस उत्तरेत, म्हणजे तिथे मी कायद्याचं अवाक्षर काढायचं नाही. त्यामुळे पुढच्या खोलीत मी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारते. माणूस "नेल्डा, माझ्या शेजाऱ्याचं कुंपण..." म्हणाला, की मी तोंडावर बोट ठेवते, त्याचा हात धरते आणि पळत पट्टी ओलांडते. मग तो खुर्चीवर, मी पलंगावर, आणि कुंपणाचा निकाल. दारावर पाटीच लावली आहे: कायद्याचा सल्ला स्वयंपाकघरात मिळेल. काल पाद्री आले होते. पाटी वाचून ते आत आले, पलंग बघितला आणि आल्या पावली परत गेले. रविवारी चर्चमध्ये खुलासा करावा लागणार.

मिस ऑटी हे सगळं रस्त्यापलीकडून खुर्ची टाकून बघतात. म्हणाल्या, "तुझं हे बघायला मी तिकीट लावीन."

बावीस पानांचं निवेदन लिहून काढलंय. बाईंना एवढंच बजावलंय, की कोर्टात तुम्ही एक शब्द बोलायचा नाही, वकील बोलेल. त्यांची जीभ तुम्हाला माहीत नाही.

अर्ज सोबत आहे. सहीच्या खाली तुमच्या सनदेचा क्रमांक घाला आणि लवकर पाठवा.

तुमची,
नेल्डा


समुद्रकिनारा
२ ऑक्टोबर

प्रिय नेल्डा,

कागद बघून चकित होऊ नकोस. हे हॉटेलचे आहेत. चार दिवस बदल म्हणून किनाऱ्यावर आलो आहे. वाळू पाकिटात गेली असेल तर झटकून टाक.

अर्जावर सही केली आहे. क्रमांकाची जागा तूर्त कोरी ठेवली आहे. तो मी सुनावणीच्या दिवशी स्वतःच्या हाताने घालीन. तशी आमच्याकडे जुनी पद्धत आहे.

घाईत आहे, नऊला खाली हॉलमध्ये हजर राहावं लागतं. उशीर केला तर बाई आत घेत नाहीत.

हॉरेस


पिकेट्स कॉर्नर
७ ऑक्टोबर

काका, काका, काका,

कोण बाई? मला सगळं कळलंय. किनाऱ्यावर माणसं दोनच गोष्टींसाठी जातात, मासे धरायला आणि जोडीने नाचायला शिकायला. मासे हॉलमध्ये धरत नाहीत! मिस ऑटींनाही पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "सत्त्याहत्तराव्या वर्षी नाच शिकणारा माणूस एक तर प्रेमात असतो नाही तर पाय सपाट तरी असतात."

मला इतका आनंद झालाय म्हणून सांगू! काकू गेल्यानंतर तुम्ही त्या घरात एकटे बसून काय करत असाल, हा विचार मी इतकी वर्षं मुद्दाम केला नव्हता. आता करते, आणि डोळ्यांपुढे तुम्ही पांढरे बूट घालून गिरक्या घेताना दिसता.

ती जुनी पद्धत मला काही सापडली नाही. पण तुम्ही म्हणता तर असेल. कोर्टाच्या कारकुनाने क्रमांकाबद्दल दोनदा विचारलं, मी दोनदा तुमचं नाव पुढे केलं.

तुमची,
नेल्डा


एल्डन
१४ ऑक्टोबर

प्रिय नेल्डा,

बरं बुवा, नाच. तू म्हणतेस तर नाच.

बारा तासांचा अभ्यासक्रम आहे. अकरा झाले. बाई तिशीच्या आहेत, नाव मिस टॅली, आणि मला "सर, तुम्ही जागे आहात ना?" एवढंच विचारतात. प्रेमाबिमाचा काही संबंध नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळतं.

मिस मॅब्रींना सांग की माझे पाय सपाट नाहीत.

हॉरेस


एल्डन
१२ नोव्हेंबर

प्रिय नेल्डा,

हे पत्र मी पाचव्यांदा लिहितो आहे. आधीची चार शेकोटीत गेली.

मी नाच शिकत नव्हतो. माझी सनद चार वर्षांपासून बंद आहे. इथल्या वकिलाने दर वर्षी बारा तास वर्गात बसून शिकावं असा नियम आहे. तुझी काकू गेली त्या वर्षी मी गेलो नाही. पुढच्या वर्षीही गेलो नाही, आणि मग एक दिवस पत्र आलं की तुम्ही आता वकील नाही. ते मी टेबलाच्या खणात टाकलं. पाटी काढली नाही. कोणी आलं तर "सध्या हातात काम फार आहे" म्हणून घालवायचो. सगळ्यांना वाटायचं म्हाताऱ्याचं काय जोरात चाललंय!

तुझं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अकरा वर्षांनी कोणीतरी मला काहीतरी मागत होतं. वाटलं, दोन महिने आहेत, तास भरून सनद परत मिळवू, कोणाला कळणारही नाही. किनाऱ्यावर गेलो तो वकिलांच्या वर्गाला. अकरा तास भरले. उरला एक तास, संगणकाचा. तो घरी यंत्रासमोर बसून ऐकायचा असतो. पडद्यावर दर दहा मिनिटांनी प्रश्न येतो, "तुम्ही अजून आहात का?" आणि बटण दाबायचं. काल मी पहिल्यांदा दाबलं, दुसऱ्यांदा दाबलं, मग डोळा लागला. जाग आली तेव्हा यंत्राने लिहिलं होतं की मी नाही. तास रद्द. पुढचा सोमवारी.

सुनावणी गुरुवारी. मी येईन, पण माझ्या सहीला काडीची किंमत नाही. मला तुझी लाज वाटते. तुझ्यापुढे वाटते असं म्हणायचंय.

हॉरेस


पिकेट्स कॉर्नर
१६ नोव्हेंबर

प्रिय काका,

तुमचं बाराचं पत्र आज शनिवारी पोचलं. गुरुवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर नऊला पाच कमी असताना, हॅट हातात घेऊन तुम्ही जे पुटपुटलात ते हेच होतं तर. मी तुम्हाला तिथे जे बोलले त्याबद्दल माफी मागत नाही. ते सगळं खरं होतं. फक्त "नाचऱ्या" हा शब्द परत घेते.

पण आता तुम्हाला सांगते की आत काय झालं. कारण तुम्ही मागच्या बाकावरून "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" असं एवढ्या मोठ्याने विचारत होतात की बेलीफने तुम्हाला दंडाला धरून बाहेर नेलं. म्हणजे सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही चुकवलीत!

अर्ज अर्थात फेटाळला. न्यायाधीशबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मिस प्रुइट, तुम्ही मागे जाऊन बसा." मी बावीस पानं छातीशी धरून मागे आले. मिस ऑटी एकट्या त्या लांबलचक टेबलापाशी, निळी टोपी घालून, पर्स मांडीवर. मला वाटलं, संपलं. क्रचफील्ड उठून म्हणाला, "प्रतिवादीला वकील नाही, तेव्हा आमची विनंती लगेच मान्य करावी."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मिसेस मॅब्री, वकील शोधायला वेळ हवा का?"

आणि मिस ऑटी उठल्या. "वकील होते की. दोन होते! एकीला हे राज्य चालत नाही आणि दुसऱ्याला झोप आवरत नाही. मला माझं स्वतःचं बोलायला काय लागतं?"

"काहीच लागत नाही. स्वतःची बाजू कोणीही मांडू शकतं."

"सनद?"

"नाही लागत."

"अगं बाई," मिस ऑटी म्हणाल्या, "मग दोन महिने मला गप्प कशाला बसवलं?"

लोक हसले. मी मान खाली घातली. मग त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि क्रचफील्डकडे वळल्या. जसंच्या तसं लिहिते, कारण मी त्या बावीस पानांच्या मागे उतरवून घेतलं:

"वेड, ती हद्द आत्ता हलली का आधीपासून तिथे होती?"

तो म्हणाला, "हलली नाही. कायम तिथेच होती." हेच बोलायला तो बांधलेला होता ना! हद्द हलली म्हटलं तर मोजणीच खोटी पडते.

"म्हणजे मी एक्केचाळीस वर्षं तुमच्याच राज्यात फटाके विकतेय."

"हो... तसंच म्हणायचं."

"आणि तुम्ही एक्केचाळीस वर्षं काय केलंत? तू आठ वर्षांचा असल्यापासून दर चार जुलैला दहा भुईनळे न्यायचास. तुझा बाप काउंटीत मोठा साहेब होता, तो टोपली भरून न्यायचा. शेरीफ न्यायचा. कोणी म्हणालं का, ऑटी, बंद कर? हद्द हलली असेल तर मी दक्षिणेतली, मला सोडा. हलली नसेल तर मी तुमचीच, आणि आपल्याच माणसाला एक्केचाळीस वर्षं हसत हसत विकू द्यायचं, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुलूप घेऊन यायचं? दोन्हीतलं एक काय ते ठरवा. मी तोवर बसते."

आणि बसल्या!

क्रचफील्ड तीनदा उठला आणि तीनदा बसला. न्यायाधीशबाईंनी रुमालाने तोंड पुसल्यासारखं केलं, पण त्या हसत होत्या. दहा मिनिटांत निकाल. मिस ऑटी स्वतः दुकान चालवतात तोवर कुलूप नाही. पुढे कोणाला देता येणार नाही, पण त्या असेपर्यंत त्यांचंच.

काका, मी त्यांना एवढी घट्ट मिठी मारली की टोपी पडली. दिवसभर रस्त्यावर मोटारींचे भोंगे. त्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा बाण माझ्या अंगणातून उडवला, उत्तरेतून दक्षिणेकडे.

आणि मग मी पलंगावर येऊन बसले आणि रडले. खरं सांगते. आनंदाने नाही. माझ्या बावीस पानांत तो एक प्रश्न नव्हता. मला सुचलाच नव्हता. सव्वीस वर्षं मी लोकांना गप्प बसवून त्यांचं बोलत आले, आणि ज्या दिवशी मला गप्प बसवलं त्या दिवशी सगळ्यात चांगला युक्तिवाद ऐकला. आता मी कोण आहे तेच कळत नाही. माझी निम्मी माणसं आता उत्तरेतली झालीत, त्यांचे खटले मला चालवता येणार नाहीत. किती दिवस पळवू त्यांना स्वयंपाकघरात?

नेल्डा


एल्डन
२२ नोव्हेंबर

प्रिय नेल्डा,

बारावा तास झाला. या वेळी उभा राहून ऐकला. सनद काल परत आली. आरशासमोर धरून बघितली.

आता माझं ऐक. मिस मॅब्रींनी जे सांगितलं ते त्यांचं होतं, म्हणून ते त्यांना सांगता आलं. पण त्या कोर्टात त्या दिवशी बारा सुनावण्या होत्या. बाहेर बाकावर बसून मी बाकीचे अकरा लोक बाहेर येताना बघितले. वकील नसलेले पाच होते. पाचही हरले. एकाला आपण हरलो हेही कळलं नव्हतं, तो मला विचारत होता. सगळ्यांना ती जीभ नसते. तुझं काम त्यांच्यासाठी आहे.

तेव्हा परीक्षा दे. फेब्रुवारीच्या शेवटी आहे. दक्षिणेची सनद इथे तशी चालत नाही, सव्वीस वर्षं असली तरी नाही. एक्कावन्नाव्या वर्षी पोरासोरांबरोबर दोन दिवस पेपर लिहावे लागतील. माझ्याकडे ये. माझी पुस्तकं आहेत, टेबल आहे, आणि या घरात मला दुसऱ्या कोणाचा तरी खोकला ऐकायचा आहे.

हॉरेस


पिकेट्स कॉर्नर
१३ फेब्रुवारी

नेल्डा बाळ,

काकाच्या घरी तुझा अभ्यास कसा चाललाय? तो सांगतो की तू जेवतानासुद्धा पुटपुटतेस. मी तुझ्या घराला दिवसातून एकदा चक्कर मारते. नळ ठीक आहेत.

एक घोटाळा झालाय, तो तुला सांगायलाच हवा. त्या कोर्टाच्या प्रकारानंतर लोक माझ्याकडे येतात. कागद घेऊन! दुकानात फटाके घ्यायला कोणी नाही आणि सल्ला घ्यायला रांग. मी म्हणते, अरे मी वकील नाही, मला कुठल्याच राज्याची सनद नाही. ते म्हणतात, म्हणूनच तर. लॅथम त्या कुंपणाचं विचारायला आला, मी सांगितलं, शेजाऱ्याला केक नेऊन दे. त्याने दिला, मिटलं. डोरीनला सांगितलं, सही करू नकोस. कशावर ते मी बघितलंच नाही, पण तिचा चेहरा बघितला.

मग परवा रॉस्को टिंडल आला. त्याच्या नातीला काउंटीवाले तिच्या आईपासून घेऊन जाणार आहेत, एप्रिलच्या शेवटी तारीख आहे, उत्तरेच्या कोर्टात. त्याने कागद माझ्या हातात दिले. मी वाचले नेल्डा, तीनदा वाचले, आणि मला एक अक्षर कळलं नाही. रॉस्कोला तर धड बोलताही येत नाही, तू ओळखतेस त्याला. तो माझ्याकडे बघत होता आणि मी काही बोलू शकले नाही. मला आयुष्यात कधी एवढी भीती वाटली नव्हती, कोर्टातसुद्धा नाही.

मग मी दुकानाची पाटी उलटी केली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. रॉस्कोला म्हटलं, हे माझं काम नाही, हे नेल्डाचं आहे. तुझ्या परीक्षेचा निकाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागतो, काकाने सांगितलं. त्याच्या सनदेवर तोवर काय ते अर्ज करून ठेवा, पण त्या पोरीसाठी उभी तू राहायचं. रॉस्कोला मी शब्द दिलाय. तुला न विचारता दिलाय.

पास हो.

ऑटी मॅब्री